रऊफभाईंचा वानोळा

मी पंचवीस भावगीतं मागितली होती. रऊफभाईंनी सव्वीस गाणी भरून दिली.

सव्विसावं गाणं कुठलं, ते मला मोताळ्याहून बुलढाण्याला जाताना एसटीत कळलं. एक शांत, संथ गाणं संपलं, आणि पत्र्याच्या शेडवर कुणी दगडांची ट्रॉली रिकामी करावी तसा आवाज कानात शिरला. मागोमाग एक माणूस कुठल्यातरी परक्या भाषेत जीव खाऊन ओरडायला लागला. मी इतकी दचकले की शेजारच्या बाईंच्या मांडीवरची मेथीची जुडी खाली पडली.

मी तेव्हा नवीन कृषी सहायक होते. साताऱ्याकडची, नोकरीमुळे मोताळा तालुक्यात आलेली. बीटी कपाशी सगळीकडे पसरली होती, पहिल्या वर्षांचं कौतुक ओसरलं होतं आणि लोक बियाण्याच्या पाकिटांकडे थोड्या संशयानं बघू लागले होते. माझ्याकडे तर पूर्ण संशयानं. खोलीवर रेडिओ नव्हता, टीव्ही नव्हता, म्हणून मोबाइलमध्ये गाणी भरून घ्यायला गेले होते. दुसऱ्या दिवशी भांडायला गेले.

बाजाराच्या गल्लीत रऊफभाईंचं दुकान होतं. एकाच गाळ्याचे दोन भाग. पुढच्या भागात त्यांच्या पत्नी शहनाजभाभी बांगड्या भरायच्या, मागच्या भागात रऊफभाई मेमरी कार्डं. पन्नाशीचे, किडकिडीत, मेंदीनं लाल केलेली दाढी, आणि चष्मा कायम कपाळावर. डोळ्यांवर तो चष्मा मी फार कमी वेळा पाहिला.

"रऊफभाई, माझ्या कार्डात हे काय घातलंत?"

"कोणतं?"

"शेवटचं. ते ओरडण्याचं."

"हाव, ते. पूर्ण आयकलं का तुमी?"

"कान फुटायची वेळ आली. बंद केलं."

"कुठं बंद केलं? गिटार रडते त्याच्या पह्यले, का मंग?"

"मला काय ठाऊक?"

"मंग पह्यलेच केलं असन," ते हळहळून म्हणाले. जणू मी पुरणपोळीचं ताट पापड खाऊन सोडून उठले होते. "मॅडम, तुमच्याकडे वानोळा देतेत का?"

वानोळा आमच्याकडेही होता. शेतात नवीन काही आलं, की विकायच्या आधी थोडं शेजारीपाजारी द्यायचं. चार वांगी, ओंजळभर शेंगा, हुरड्याची कणसं. मागितलेलं नसतं, म्हणून नाकारायचंही नसतं.

"तो वानोळा होता," रऊफभाई म्हणाले. "मी सगळ्याइलेच देतो. पैसे पंचविसाचे, एक माह्या घरचं."

चेहऱ्यावर हसू नाही, काही नाही. मागे बांगड्या भरून घेणारी बाई मात्र ओढणीत तोंड लपवून हसत होती. तिच्याही कार्डात काहीतरी निघालं असणार.

हळूहळू मला कळलं, की तालुक्यात असा एक फोन नव्हता ज्यात रऊफभाईंचा वानोळा नव्हता. भजनी मंडळाच्या बुवांनी अभंग भरायला दिले, की शेवटी एका देवमाशाची क्लिप निघायची. लग्नाच्या बॅण्डवाल्याला नाचाच्या गाण्यांमागून एक दाढीवाला सरोद वाजवताना सापडायचा. पोरींच्या नाचगाण्यांत मध्येच बर्फावरून घसरणारं पेंग्विन यायचं. कुणाला काय द्यायचं हे ते माणूस बघून ठरवायचे, आणि त्यांचा अंदाज बहुतेक मुद्दाम चुकवलेला असायचा.

पण त्यांचा खरा जीव त्या ओरडण्याच्या गाण्यांवर होता. त्यामागची हकिगत त्यांनी मला तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितली. तिन्हींत समान होतं ते इतकं : तरुणपणी ते लोणारला मामेभावाच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात कामाला होते. सरोवराचे दगड तपासायला एक लांब केसांचा गोरा आला होता. त्याचा टेप बिघडला. रऊफभाईंनी तो दुरुस्त केला, तपासायला म्हणून आतली कॅसेट लावली, आणि गोऱ्याला टेप परत द्यायचंच विसरले. संध्याकाळ होईपर्यंत दोघं दुकानाच्या पायरीवर बसून ऐकत होते. एकाला मराठी येत नव्हतं, दुसऱ्याला इंग्रजी. जाताना गोऱ्यानं कॅसेट देऊन टाकली. तिच्यावर नाव नव्हतं.

"कोण गाऊन राह्यलं, काय म्हणून राह्यलं, आजलोक मले मालूम नाही," ते सांगायचे. "पण त्या मानसाले कायतरी झालेलं हाये, येवढं पक्कं."

नाव नव्हतं म्हणून त्यांनी गाण्यांना स्वतःच नावं ठेवली. पुढे कॉम्प्युटर आला, इंटरनेटवरून तसलीच आणखी गाणी त्यांनी मिळवली, तेव्हाही इंग्रजी नावं पुसून आपली टाकली. 'बैलं उधळले'. 'सोयरे रुसले'. 'टॅक्टर रेतीत फसलं'. एक फार हळू सुरू होऊन शेवटी कल्लोळ करणारं होतं, त्याचं नाव 'डीपी जळाली'. डीपी म्हणजे शेतातला विजेचा ट्रान्सफॉर्मर. तो जळाला, की महिनोन् महिने दुरुस्त व्हायचा नाही आणि उभं पीक वाळायचं, त्यामुळे त्या गाण्यातला आक्रोश शेतकऱ्यांना समजावून सांगावा लागायचा नाही. मी स्वतः एका पासष्टीच्या गृहस्थांना दुकानात येऊन सांगताना ऐकलं, "रऊफभाई, ते डीपी जळाली पुसल्या गेलं फोनातून. पुन्हा टाकून द्या बरं."

गाणं देताना त्यांची एक रीत होती. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर स्वतःचा मोठा हेडफोन चढवायचा, गाणं लावायचं, आणि समोर बसून त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहायचं. स्वतः ऐकायचे नाहीत. कुठे भुवई हलली, कुठे मान डोलली, कुठे माणूस चुळबुळला, सगळं टिपायचे. एकदा मी विचारलं, की तुम्ही का नाही ऐकत?

"मी आयकूनच तं राह्यलो," ते म्हणाले. आणि मग त्यांचं नेहमीचं वाक्य : "अकेल्यानं पाह्यलं ते पाह्यलंच नाही, मॅडम."

हे सगळं कायद्यात बसणारं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. त्यांनाही असावं. कारण गाळ्यावरच्या पाटीत 'मोबाइल दुरुस्ती' एवढंच लिहिलेलं होतं, आणि दुरुस्तीला आलेला फोन मी त्या दुकानात क्वचितच पाहिला.

लोडशेडिंगची ती वर्षं. संध्याकाळची वीज नेमकी मालिकांच्या वेळी जायची. बाजाराच्या गल्लीतून रोज सकाळी कापूस वेचायला जाणाऱ्या बायांची जीप निघायची आणि ती रऊफभाईंच्या दुकानापुढे भरायची. बायांच्या डोक्यात एकच प्रश्न असायचा, काल काय झालं? रऊफभाईंकडे ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा छोटा टीव्ही होता. मालिकेत काल काय झालं हे माहीत असलेला गावातला पुरुष ते एकटेच.

ते सांगायचे फार छान. भाभींच्या स्टुलावर बसून, आवाज न चढवता, सासूच्या जागी सासू होऊन. तेव्हाच्या गाजलेल्या मालिकेत एक श्रीमंत घर होतं, एक सोशीक मोठी सून, एक कपटी धाकटी, आणि सासू बेशुद्ध पडलेली. बाया जीपचा दांडा धरून ऐकायच्या. एके सकाळी रऊफभाईंनी सांगितलं, की सासू उठली. उठून तिनं तिजोरीच्या चाव्या मोठीला दिल्या. पुढच्या आठवड्यात मोठीनं रडणं सोडलं आणि चाव्या घेऊन थेट शहर गाठलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिनं कापसाची जिनिंग गिरणी टाकली. धाकटीला तिथेच रुई गोळा करायला ठेवली. वेचणीच्या शेतात दिवसभर दुसरा विषय नव्हता.

मग कधी नव्हे ते, सलग आठवडाभर संध्याकाळची वीज टिकली.

सातव्या दिवशी सकाळी मी तिथेच होते. जीप आली. कौतिका आजी चढायच्या आधी दुकानाकडे वळल्या. सत्तरीच्या पुढच्या, कंबरेत वाकलेल्या, पण वेचणीत तरण्या बायांना मागे टाकणाऱ्या. बाकीच्या त्यांच्या मागे उभ्या राहिल्या.

"काऊन रे रऊफ्या," आजी म्हणाल्या, "ते बुडी तं अजून तशीच पडेल हाये."

"कोणती बुडी, आजी?"

"सासू. तू तं म्हणे उठली, चाव्या देल्ल्या. इथं तं मोठी अजून त्याच दारात रडून राह्यली."

रऊफभाईंनी चष्मा कपाळावरून काढला, पुसला, पुन्हा कपाळावर ठेवला. "टीव्हीवाले लय मांगं हायेत, आजी. येतीन हळूहळू."

बांगड्यांच्या गठ्ठ्यामागून शहनाजभाभी बोलल्या. त्या सहसा बोलत नसत. "झूट बोलते ये. माह्या बाजूले बसून एक पाहतेत, आन् सकाळी तुमाले दुसरंच सांगतेत. सहा महिने झाले."

आता चप्पल निघते की काय, असं मला वाटलं. आजी दुकानाच्या पायरीवर बसल्या.

"बरं, ते जाऊ दे," त्या म्हणाल्या. "जिनिंगचं काय झालं पुढं? ते सांग. त्याइची मोठी तं नुसती रडते अन् बसते. तुही मोठी काम तरी करते."

जीपवाला हॉर्न वाजवत होता. कुणी चढेना.

माझ्यावर त्यांनी जो प्रयोग केला तो मात्र मी बरेच दिवस माफ केला नव्हता. फवारणीच्या दिवसांत मी गावोगाव सभा घ्यायचे. विषय सुरक्षित फवारणी. एका गावात समोर नऊ माणसं होती आणि त्यातली चार एसटीची वाट बघणारी. माइक दुरुस्त करायला रऊफभाई आले होते. खिशातला फोन त्यांनी समोर ठेवलेला मी पाहिला, पण त्याचा अर्थ कळला नाही.

पंधरा दिवसांनी मी काळीपिवळी जीपमधून मलकापूरला निघाले होते. ड्रायव्हरनं गाणी लावली होती. दोन ठसकेबाज गाणी झाली, आणि तिसऱ्याच्या जागी एका बाईचा आवाज आला : "वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका. तोंडाला रुमाल बांधा. फवारताना बिडी, तंबाखू नको. घरी गेल्यावर आधी अंघोळ, मग लेकरांना हात." मग ती बाई शिंकली. शिंकेला जोडूनच ढोल सुरू झाले.

तो आवाज माझा होता. शिंकही माझीच.

"हे बाई रोज येते या गाडीत," शेजारचे आजोबा मला म्हणाले. "मले तं पाठ झालं."

मी पर्समधून रुमाल काढला आणि मलकापूर येईपर्यंत तोंडाला बांधून बसले.

दुसऱ्या दिवशी दुकानात पोचले ती तयारीनिशी. परवानगी, सरकारी नोकरी, वरिष्ठ, सगळं बोलून घेतलं. रऊफभाईंनी ऐकून घेतलं.

"सभेत किती होते, मॅडम?"

"नऊ."

"त्यातले आयकून राह्यले होते किती?"

मी मनातल्या मनात एसटीवाले चार वजा केले.

"आता पाहा. फवारणारा खिशात फोन ठेवते, गाणे लावते. तुमचं बोलणं मी तिसरं टाकलं. का? तवरलोक त्याच्या हाताले औषध लागलेलं असते. गाणं बदलाव तं खिशात हात घालता येत नाही. मंग काय करन? आयकन."

"आणि ती शिंक?"

"शिंक होती म्हून लोक खरं समजतेत. नाही तं म्हनतीन जाहिरात हाये."

मला राग आवरत नव्हता आणि हसूही. मी निघाले, तेव्हा भाभींनी हातानं थांबवलं. हळू आवाजात म्हणाल्या, "प्रल्हादभाऊ पडले ना फवारताना. म्हून केलं त्याइनं."

प्रल्हादभाऊ म्हणजे रऊफभाईंचे लहानपणापासूनचे मित्र. चार एकर कपाशीचे मालक, जाडजूड, मिशाळ, फवाऱ्याचा पंप पाठीवर घेऊन दिवसभर चालणारे. त्या मोसमात ते दुपारी बांधावर चक्कर येऊन पडले. तोंडातून फेस, डोळे वर. रऊफभाईंनीच त्यांना मोटरसायकलवर स्वतःच्या पाठीशी दुपट्ट्यानं बांधून दवाखान्यात नेलं होतं. दोन दिवस शुद्ध नव्हती. रऊफभाई यातलं मला एक अक्षर बोलले नव्हते. पुढे एकदा मी पाहणीला गेले, तर एका शेतात एक माणूस तोंडाला पंचा बांधून फवारत होता. मी बांधावर पोचायच्या आत त्यानं पंच्यातूनच मला ऐकवलं, "वाऱ्याकडे तोंड नाही. बिडी नाही. आंघोळ करतो घरी जाऊन. शिंकू का आता?"

प्रल्हादभाऊ बरे झाले, आणि पुढची भानगड त्यांच्यामुळेच झाली.

एका बियाण्याच्या कंपनीचा एजंट गावोगाव फिरत होता. टोप्या, टीशर्ट, भिंतीवरची घड्याळं वाटायचा. त्याच्याकडे एक छान बनवलेली फिल्म होती. हिरवंगार शेत, पांढरीशुभ्र बोंडं, हसरा शेतकरी, त्याची हसरी बायको, आणि सांगणं असं, की या वाणाला अळी शिवतसुद्धा नाही. दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक कार्डात ही फिल्म टाका, असं तो रऊफभाईंना म्हणाला, आणि भाभींसाठी एक मिक्सर ठेवून गेला. रऊफभाईंनी हो म्हटलं. मला ते आवडलं नाही, आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

"त्यानं प्रेमानं आणली," ते म्हणाले. "कोणाची वस्तू न दाखवणं बरं नाही, मॅडम."

त्याच वाणाची कपाशी आदल्या हंगामात प्रल्हादभाऊंच्या शेतात होती. वेचणीच्या तोंडावर बोंडं फोडली, तर आत गुलाबी अळ्या. रऊफभाई फोन घेऊन शेतात गेले होते आणि त्यांनी ते चित्र घेऊन ठेवलं होतं. प्रल्हादभाऊ कॅमेऱ्यासमोर उभे. एक बोंड फोडतात. अळी. दुसरं फोडतात. अळी. तिसरं बाजूला उभ्या असलेल्या बैलासमोर धरतात. बैल वास घेऊन तोंड फिरवतो. मग प्रल्हादभाऊ शांतपणे सांगतात, "पाकिटावर फोटो होता. त्यात हे नव्हती. हे आमच्याच वावरात येऊन राह्यली."

रऊफभाईंनी कंपनीची फिल्म प्रत्येक कार्डात भरली. पूर्ण, एक क्षणही न कापता. आणि तिच्या लगेच मागे प्रल्हादभाऊंना.

महिनाभरात ती जोडी फोनाफोनांतून सगळ्या तालुक्यात फिरली, तालुक्याबाहेर गेली. हसरी बायको दिसली, की लोक आधीच बैलाची वाट बघायला लागायचे. पेरणीच्या आधी एजंट रागारागानं दुकानात आला.

"तुम्ही फिल्मची वाट लावली."

"कापली का मी कुठं?" रऊफभाईंनी विचारलं. "तुमची पूर्ण दाखवली. त्याचीबी पूर्ण दाखवली. दोन्ही लोकाइले आवडून राह्यल्या."

"ती दुसरी काढून टाका."

"कुठून काढू? माह्याकडून गेली ते गेली. आता जेवढे फोन तेवढ्या जागी हाये."

मिक्सर भाभींनी आधीच पुसून, वायर गुंडाळून, खोक्यात परत भरून ठेवला होता. तो त्यांनी एजंटच्या हातात दिला.

यानंतर काही दिवसांनी दोन पोलीस आणि एक सफारीतला माणूस दुकानात आले. गाण्यांच्या बेकायदा प्रती विकल्या जातात, अशी तक्रार होती. कुणी केली ते कधी कळलं नाही, आणि तक्रार खोटी होती असंही म्हणता येणार नाही. रऊफभाईंनी वाद घातला नाही. पोलीस कागदावर लिहून घेत होते : संगणक एक, स्पीकर दोन, की-बोर्ड एक. "अक्षरं पुसलेला लिहा," रऊफभाईंनी सुचवलं. "मंग बदलला असं नको व्हायले." आणि सफारीवाल्याला म्हणाले, "नेयाच्या आधी एक आयकता का?" तो नको म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांच्या हेडफोनला नाही म्हणालं असावं.

पुढे कोर्ट, दंड, यापुढे असं करणार नाही असं लिहून देणं, हे सगळं झालं. कितीतरी महिन्यांनी कॉम्प्युटर परत आला. आत काही नव्हतं. पाटी धुऊन ठेवावी तसा कोरा.

मी भेटायला गेले, तेव्हा ते रिकाम्या पडद्यासमोर बसले होते. त्यांना तसं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"गाणी पुन्हा मिळतील, रऊफभाई," मी म्हणाले.

"गान्याचं जाऊ द्या. ते दुनियेचे हायेत, दुनियेत राहतीन." मग म्हणाले, "कौतिका आजी होती त्याच्यात."

आजी त्या हिवाळ्यात गेल्या होत्या. आदल्या वर्षी एका सकाळी रऊफभाईंनी जीपपाशी त्यांची क्लिप घेतली होती. तशा त्यांनी शेकडो घेतल्या होत्या. बैलबाजारातले सौदे, भजनी बुवांचा तंबोरा लावण्यावरून झालेला तंटा, बाजारात कांदे विकताना गाणारा बागवान, बांगडी भरताना रडणारी नवरी. कुणासाठी नाही, असंच. आणि त्यातल्या बऱ्याच त्यांनी वानोळा म्हणून कुणाच्या ना कुणाच्या कार्डात टाकल्या होत्या.

ही गोष्ट प्रल्हादभाऊंच्या ध्यानात आली. बाजाराच्या दिवशी त्यांनी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली, "फोनात पाहा. रऊफनं टाकलेलं जे काही असन, ते आणून द्या." त्या दिवशी दुकानापुढे रांग लागली. शेतकरी, बाया, जीपवाला, बॅण्डवाला. गाणी घ्यायची नाहीत, असं रऊफभाईंनी आधीच बजावलं होतं. लिहून दिलं होतं ना. फक्त आपली माणसं. एकेका कार्डातून एकेक माणूस परत आला. भजनी बुवांनी स्वतःच्या तंट्याची क्लिप स्वतः आणून दिली आणि वर म्हणाले, "माहीच बाजू बरोबर हाये याच्यात, पाहा."

कौतिका आजी त्या दिवशी आल्या नाहीत. पुढच्या बाजारीही नाहीत. तिसऱ्या बाजाराला दुपारी एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन आली. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाहून, बीबीहून. दोन एसटी बदलून. आजींची नात.

"मला काही रऊफमामानं दिलं नव्हतं," ती जरा मराठवाडी वळणानं म्हणाली. "कुणाच्या फोनातून कुणाच्या फोनात करत आमच्या गावात आलं ते. माझ्या जावेनं दाखवलं, ही म्हातारी कोण म्हणून. म्हटलं, ही तर माझी आजी. माहेरी कळलं मामा शोधतायत, तशी घेऊन आले."

रऊफभाईंनी क्लिप लावली. डोक्यावर पदर, कंबरेला वेचणीची ओटी, डोळे बारीक केलेले. आजी कॅमेऱ्यात वाकून बघतात. "याच्यात मी दिसून राह्यली का? कौतिका हाये मी. वेचाले चालली. काम हाये मले, बंद कर ते." बस, एवढीच.

त्या दिवशी रऊफभाईंनी समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघितलं नाही. चष्मा डोळ्यांवर ओढून ते पडद्याकडेच बघत होते. आणि आम्ही सगळे, नात, भाभी, प्रल्हादभाऊ, मी, त्यांच्या तोंडाकडे.

"पुन्हा लावा," भाभी म्हणाल्या.

त्यानंतर दोनेक वर्षांनी माझी बदली झाली. नंतर इंटरनेट स्वस्त झालं, सगळ्यांच्या हातात मोठे फोन आले, आणि कार्ड भरून घ्यायची गरजच उरली नाही. मध्यंतरी एका प्रशिक्षणासाठी बुलढाण्याला गेले होते, तेव्हा मुद्दाम मोताळ्याला उतरले. गाळ्याचे दोन्ही भाग आता बांगड्यांचे झाले होते. भाभी थकल्या होत्या, पण मला ओळखून त्यांनी आधी माझा हात हातात घेऊन बांगडीचं माप बघितलं. रऊफभाई कुठे, विचारल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. "स्टॅण्डवर. दुसरीकडे कुठं राहतीन? रोज जातेत."

"कुठं जायला?"

"कुठंच नाही."

ते खरंच स्टॅण्डवर होते. दाढीतली मेंदी गेली होती, सगळी पांढरी. माझी चौकशी केली, साताऱ्याच्या पावसाची केली, प्रल्हादभाऊ आता कपाशी सोडून तूर घेतात हे सांगितलं. मी विचारलं, दिवसभर इथे करता काय?

"लोक बसलेले असतेत फोन पाहत," ते म्हणाले. "मी बाजूले जाऊन बसतो. इचारतो, काय पाहून राह्यले? पह्यले लाजतेत. काही रागावतेत. मंग दाखवतेत."

"आणि नाही दाखवलं तर?"

"तं मी माहं दाखवतो. तवा त्याइले राहवत नाही."

माझी गाडी लागली. खिडकीतून बघितलं, तर ते एका बाकावर जाऊन बसले होते, धोतर-टोपीतल्या एका अनोळखी गृहस्थांच्या शेजारी. गृहस्थांच्या दोन्ही कानांत वायरी होत्या आणि कपाळावर आठी. रऊफभाईंनी मान वाकडी करून त्यांच्या फोनात डोकावलं. गृहस्थांनी फोन दुसरीकडे वळवला. रऊफभाई सरकून त्या बाजूला वाकले. काहीतरी बोलले.

ड्रायव्हरनं गाडी मागे घेतली, वळवली. बाक मागच्या काचेत आलं. गृहस्थांनी एका कानातली वायर काढली होती. ती त्यांनी धोतराच्या सोग्याला नीट पुसली आणि रऊफभाईंपुढे धरली.